हरणाचं टोपडं शिवून देणारे अण्णा: पूर्व भागातल्या एका ताडपत्रीच्या दुकानाविषयी

सोलापुरात अशोक चौकातून पूर्व भागात शिरलं की यंत्रमागांचा खडखडाट सुरू होतो. त्या आवाजातच एका बोळाच्या तोंडाशी ताडपत्र्या, शेडनेट आणि टेम्पोचे हूड शिवून देणारं दहा बाय बाराचं दुकान आहे. दुकानाला पाटी नाही. दारात निळ्या ताडपत्रीची गुंडाळी उभी असते, तीच खूण. मी पशुवैद्यक आहे. उत्तर सोलापूर तालुक्यात गायी-म्हशी आणि शेळ्या बघते, आणि गेली सहा वर्षं वनखात्याचा फोन आला की हरणांसाठीही धावते. या दुकानातून मी दोन वर्षांत तीन वस्तू शिवून घेतल्या. हरणाच्या डोळ्यांवर बांधायचं टोपडं, त्याला उचलायची झोळी आणि आडोशाचे पडदे. आमच्याकडे या वस्तू तयार मिळत नाहीत, आणि कुणी शिवायला सांगायच्या म्हटल्या तर नेमकं काय सांगायचं हे ठाऊक नसतं. म्हणून सविस्तर लिहिते.

हरणाला टोपडं कशाला, हे आधी सांगायला हवं.

दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल. बार्शी रोडकडच्या एका गावातून दुपारी एकच्या सुमारास फोन आला, शेततळ्यात काळवीट पडलंय. शेततळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. उन्हाळ्यात पाण्यासाठी उतरलेल्या जनावराचे खूर त्यावर ठरत नाहीत, आणि एकदा घसरलं की कितीही धडपडलं तरी वर येता येत नाही. मी पोचले तेव्हा काठावर शे-दीडशे माणसं होती. पोरांनी दोर टाकून हरीण बाहेर ओढलं होतं, पण दोर सुटून ते नांगरलेल्या रानात पळालं होतं, आणि गावानं त्याला दोन किलोमीटर पळवून पुन्हा धरलं होतं. हेतू चांगला होता. कुत्र्यांच्या तोंडी जाऊ नये म्हणूनच धरलं होतं. चारही पाय सुंभानं बांधून, कुशीवर आडवं पाडून पिकअपमध्ये ठेवलं होतं. एक म्हातारे आजोबा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि "घाबरू नगंस रे बाळा" म्हणत होते. सगळ्यांचे मोबाइल वर होते.

थर्मामीटर लावला. १०७ फॅरनहाइट. अंगावर दोराच्या वळाशिवाय एकही जखम नव्हती. डोळे मात्र पांढरे दिसेपर्यंत फिरलेले, आणि श्वास मोजता येत नव्हता इतका भराभर. अंगावर पाणी ओतलं, सलाइन लावलं, सोडियम बायकार्बोनेट दिलं, व्हिटॅमिन ई आणि सेलेनियमचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळी ते उभं राहिलं. मी घरी फोन करून सांगितलं, वाचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला ठेवलं होतं त्या खोलीच्या फरशीवर त्याची लघवी बघितली. कोऱ्या चहासारखी, काळपट तांबडी. तिथंच माझ्या पोटात खड्डा पडला. मागचे पाय ताठ झाले होते आणि चालताना खूर घासटत होते. तिसऱ्या दिवशी मागचा भाग खाली बसला. दुपारी कुणीतरी चारा टाकायला दाराची कडी काढली. लोखंडी कडीचा तेवढा आवाज झाला, हरणानं उडी घेतली, दोन पावलं गेलं आणि पडलं. मी तिथंच होते. पाच मिनिटांत संपलं.

शवविच्छेदन मीच केलं. मांडीचा स्नायू चांगला लालभडक असायला हवा. इथं तो फिकट, मधे पांढुरके पट्टे, जणू कुणी अर्धवट शिजवून ठेवलाय. एका पायाची पोटरी आतून फाटलेली होती. मूत्रपिंडं काळवंडलेली.

या आजाराला कॅप्चर मायोपॅथी म्हणतात. धरपकडीमुळे होणारा स्नायूंचा आजार. यात जंतू नाही, विषाणू नाही, कुठला संसर्ग नाही. हरीण जिवाच्या आकांतानं पळतं, आणि धरल्यावरही बांधलेल्या दोराविरुद्ध अंग ताणतच राहतं. स्नायूंना लागेल तेवढा ऑक्सिजन पोचत नाही, लॅक्टिक आम्ल साठत जातं, रक्त आम्लधर्मी होतं, अंगाचा ताप चढत जातो. मग स्नायूंच्या पेशी फुटायला लागतात. पेशींतलं मायोग्लोबिन नावाचं तांबडं द्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांना निकामी करतं. चहासारखी लघवी ती हीच. पेशींतलं पोटॅशियमही रक्तात येतं, त्यानं हृदयाचा ठोका बिघडतो. म्हणून काही हरणं धरल्यावर तासाभरातच जातात, काही दोन-तीन दिवसांनी लंगडत लंगडत, आणि काही अगदी बरी दिसत असताना पुन्हा एकदा दचकली की जागेवर कोसळतात. माझं काळवीट मधल्या वाटेनं निघालं आणि शेवटच्या पद्धतीनं गेलं.

आमच्या जुन्या पुस्तकांत घोड्यांचा 'सोमवारचा आजार' असायचा. ओझ्याचा घोडा रविवारी पूर्ण खुराकावर बांधून ठेवला आणि सोमवारी जुंपला की स्नायू आखडायचे आणि लघवी काळी व्हायची. स्नायू फुटण्याची ही गोष्ट म्हणजे पशुवैद्यकांना नवी नाही. रानातल्या जनावरांच्या बाबतीत ती ठळकपणे लक्षात आली १९६०च्या दशकात, केनियात हिरोला नावाचे कुरंग, म्हणजे अँटिलोप, एका जागेहून दुसरीकडे हलवताना. तेव्हापासून आजपर्यंत सलाइन, बायकार्बोनेट, थंड पाणी, वेदनाशामकं, शामक औषधं असे उपाय सांगितले जातात, पण आजार एकदा पुरता जडला की फारसं काही हाती लागत नाही. होऊ न देणं हाच खरा इलाज.

काळवीट शास्त्राच्या हिशेबानं हरीण नाही, कुरंग आहे. चितळ, सांबर हे खरे मृग. पण आपण सगळ्यांना हरीणच म्हणतो, आणि या आजारालाही दोन्हींत फरक पडत नाही. ताशी ऐंशी किलोमीटरच्या घरात पळू शकणारं हे जनावर. त्याचं सगळं शरीर पळून सुटण्यासाठी घडलेलं आहे. पळायची वाट बंद झाली की तीच ताकद त्याच्याच मांड्यांवर उलटते.

आणि हे पळणं सुरू कुठून होतं? डोळ्यांतून आणि कानांतून. डोळे झाकले, आवाज कमी केला, हात लावायचा वेळ कमी केला की धोका बराच उतरतो. हे मला माहीत होतं. पण माझ्याकडे डोळे झाकायला काय होतं, तर पंचा. तो शिंगांत अडकायचा, नाकावर उतरायचा, ऐन वेळी घसरायचा. पंचा सावरायला दोन माणसं अडकायची आणि हरीण आणखी झटापट करायचं.

काळवीट गेल्याच्या आठवड्यात मी अण्णांकडे गेले. आधी त्यांच्याकडून बसकण मारलेली गाय उठवायची झोळी शिवून घेतली होती, तेवढीच ओळख. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी सोलापुरी मराठी, आणि मला पहिल्या दिवसापासून 'डॉक्टर अक्का'. मी सांगितलं, हरणासाठी टोपडं पाहिजे, लहान बाळाचं असतं तसं, पण डोळे झाकणारं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. मशीन थांबवलं आणि एकामागून एक विचारलं, "डोकं केवढं? शिंगं हायत का? नाक कुठनं सुरू होतंय? कान आत घ्यायचे का भाईर?" माझ्याकडे एकाचंही माप नव्हतं.

बोळात एकाची उस्मानाबादी शेळी बांधलेली होती. अण्णा टेप घेऊन थेट तिच्याकडे गेले. "हरणाचं थोडं निमुळतं असंल, पण हिच्यावरून अंदाज येतोय." कागदाचा नमुना कापला, शेळीच्या तोंडावर धरला, खुणा केल्या. तीन दिवसांनी टोपडं घेऊन पुन्हा त्याच शेळीकडे. शेळी आधी मान झटकत होती. टोपडं बसल्यावर तिनं मान खाली केली आणि उभी राहिली. अण्णा बराच वेळ तिच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "अंधार झाला की गप्प झाली की ओ."

आता वस्तूंविषयी.

टोपड्याचा पहिला नमुना चुकला, आणि चूक माझी होती. बांधायला-सोडायला पटकन म्हणून मी वेल्क्रो सांगितला. पहिल्याच वेळी, विहिरीतून काढलेल्या मादीला सोडताना तो ओढला आणि चर्रर्र असा आवाज तिच्या कानाशेजारीच झाला. इतका वेळ शांत असलेली मादी उसळली, माझ्या सहकाऱ्याच्या हनुवटीला डोकं लागलं आणि ती धडपडत गेली. सुदैवानं तिला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी अण्णांना सांगितलं तर त्यांनी टोपडं स्वतःच्या कानापाशी धरून वेल्क्रो उघडला. एकदाच. लगेच उसवायला घेतला.

आत्ताच्या नमुन्यात नाडी आहे, एका ओढीत सुटणारी. काळविटाची शिंगं पिळदार आणि लांब, त्यामुळे डोक्यावरून काही घालता येत नाही. म्हणून हे टोपडं समोरून चेहऱ्यावर धरायचं, दोन पाकळ्या शिंगांच्या मागून घ्यायच्या आणि जबड्याखाली बांधायचं. नाडी गळ्यावर येत नाही, आणि तिच्यावर एक शिवलेला गोळा आहे. त्याच्यापुढं ती आवळतच नाही, घाईत कुणी कितीही ओढली तरी दोन बोटांची जागा राहते. हा गोळा अण्णांच्या डोक्यातून आला, मी सांगितलेला नाही. बाहेरून काळं ड्रिल म्हणजे जाड सुती कापड, आतून धुऊन मऊ झालेलं सुती कापड. नाकपुड्या आणि तोंड पूर्ण मोकळं. आणि कानांवर दोन गाद्या, टॉवेलच्या उरलेल्या तुकड्यांच्या. सोलापुरात टॉवेलच्या कापडाला तोटा नाही. या गाद्यांनी आवाज बंद होत नाही, पण माणसांचं बोलणं बोथट होतं, आणि तेवढ्यानं फरक पडतो.

शिवण दुहेरी, नायलॉनच्या दोऱ्याची. दोन वर्षांत एकही टाका सुटलेला नाही. एका टोपड्याचे एकशे ऐंशी रुपये घेतले. मी आता चार ठेवते, दोन मादीच्या मापाची, दोन नराची. नवीन टोपडं वापरण्याआधी दोनदा साध्या पाण्यात धुवा. कोऱ्या कापडाला खळीचा वास असतो, हरणाच्या नाकाला तो नक्कीच नको. सुगंधी साबण नको, कडक उन्हात वाळवा.

झोळीवर सगळ्यात जास्त डोकं खर्ची पडलं. हरीण कधीही कुशीवर आडवं टाकून न्यायचं नसतं. रवंथ करणारं जनावर आडवं पडलं की पोटात वायू धरतो, पोट फुगतं, पोटातलं पाणी-चारा उलटून तोंडात येतो आणि श्वासनळीत जाऊ शकतो. त्याला छातीवर बसवायचं, पाय पोटाखाली दुमडलेले, डोकं वर आणि नाक किंचित खाली उतरतं. पिकअपमध्ये हे कुणी तरी धरून बसल्याशिवाय जमायचं नाही. अण्णांना मी ते जमिनीवर बसून, स्वतःचे गुडघे दुमडून दाखवलं. त्यांनी झोळीच्या दोन्ही बाजूंना वीतभर उंच कडा उभ्या केल्या, आत काथ्याची चटई भरून. त्या कडांमध्ये हरीण बसतं ते बसतंच, कलंडत नाही. छातीपुढं आणि पुठ्ठ्यामागं एकेक रुंद पट्टा आहे. पाय बांधायची गरज पडत नाही, आणि दोर न लागल्यामुळे दोराविरुद्ध ताणणंही नाही.

पहिली झोळी पूर्ण ताडपत्रीची होती. एका दुपारी तिच्यावर हात ठेवून बघितला तर चटका बसला. ज्या आजारात अंग आधीच तापलेलं असतं, त्यात तव्यावर बसवून नेल्यासारखं झालं असतं. आत्ताच्या झोळीचा तळ जाड नायलॉन जाळीचा आहे. पाणी ओतलं की खाली निथळतं आणि वारा लागतो. जाळीवर वजन पेलणार नाही ही शंका मी काढली, तर अण्णांनी तळाखालून आडवे चार पट्टे एका मुठीपासून समोरच्या मुठीपर्यंत सलग घेतले. म्हणजे भार पट्ट्यावर, जाळीवर नाही. मुठीपाशी चौकोनी शिवण आणि मधे फुली. मग दुकानातच पन्नास किलोचं वाळूचं पोतं त्यात टाकून दोन पोरांना बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन फेऱ्या मारायला लावल्या. तिसऱ्या फेरीत एक मूठ अर्धा इंच उसवली. "हे रानात झालं असतं तर?" एवढंच म्हणाले आणि आठही मुठी पुन्हा शिवल्या. नर काळवीट साधारण पस्तीस ते पंचेचाळीस किलोचं भरतं, तेव्हा पन्नासची चाचणी पुरेशी आहे. झोळीचे साडेचौदाशे झाले. दुसऱ्यांदा शिवलेल्या मुठींचे पैसे घेतले नाहीत.

तिसरी वस्तू पडदे. याची कल्पना मोठ्या कामांवरून घेतली. मध्य प्रदेशात कान्हा, पेंचमध्ये चितळ हलवताना बोमा पद्धत वापरतात. मुळात ती दक्षिण आफ्रिकेची. नरसाळ्यासारखा निमुळता होत जाणारा कापडी आडोसा उभा करतात आणि कळप हळूहळू त्यातून थेट गाडीपर्यंत जातो, कुणी जनावराला हात लावत नाही. २०२५मध्ये शाजापूर जिल्ह्यात काळविटांसाठी हीच पद्धत हेलिकॉप्टरच्या मदतीनं वापरली. यातली मर्माची गोष्ट कापडाची आहे. जाळी लावली तर हरणाला पलीकडचं दिसतं आणि ते जाळीवर जाऊन आदळतं. आरपार न दिसणारं कापड असेल तर ते त्याला भिंत समजतं आणि वळतं.

आमची कामं एक-दोन जनावरांची. मला फक्त विहिरीपासून मोकळ्या रानापर्यंत एक गल्ली हवी होती, आणि गर्दी दिसू नये एवढं हवं होतं. अण्णांनी ताडपत्री सुचवली. मी घेऊन गेले आणि परत आणली, कारण माळावरचा वारा लागला की ती फडाफडा वाजते. मग किंतानाचे, म्हणजे गोणपाटाचे केले. सहा फूट उंच, वीस फूट लांब, दर पाच फुटांवर बांबू सरकवायला खिसा. किंतान वाऱ्यात वाजत नाही. चार पडद्यांचे सव्वातीन हजार झाले. गंमत म्हणा किंवा काही, पण पडदे लागले की गर्दीच पांगते. दिसायचं काही उरलं नाही की मोबाइल खिशात जातात आणि माणसं झाडाखाली जाऊन बसतात. मला सुरुवातीला वाटलं होतं पडदा हरणासाठी आहे. निम्मा उपयोग माणसांसाठी झाला.

तिन्ही वस्तू मिळून आजवर नऊ वेळा वापरल्या. नऊपैकी सात जनावरं आम्ही त्याच रानात सोडली. त्यातली एक मादी लिहिण्यासारखी. गेल्या फेब्रुवारीत नान्नजच्या अलीकडे, कठडा नसलेल्या जुन्या विहिरीत. पाणी गुडघाभर होतं, तिला बुडायचा धोका नव्हता, म्हणून ऊन उतरेपर्यंत थांबलो. लोकांना हे थांबणं पटत नाही. "मॅडम, काढा की लवकर" असा ओरडा सुरूच होता. पडदे लावले, साडेपाचला दोघे खाली उतरले, टोपडं बांधलं, झोळीत बसवलं, वर घेतलं, ताप बघितला, एकशे तीन, पाणी शिंपडलं, गवताच्या कडेला नेलं, टोपडं सोडलं. हात लावल्यापासून सोडेपर्यंत अकरा मिनिटं. सगळे बाजूला झालो. ती अर्धा मिनिट तशीच बसून राहिली. मग उठली, अंग झाडलं, दहा पावलं चालत गेली आणि मग पळाली. वनरक्षक पुढचे तीन दिवस त्या भागात फेरी मारत होते, मेलेलं जनावर कुठं सापडलं नाही.

उरलेली दोन गेली. त्यातल्या नराला आम्ही पोचायच्या आधी कुत्र्यांनी किती वेळ पळवलं होतं कोण जाणे. टोपडं, झोळी, सावली, सलाइन, सगळं जसं व्हायला हवं तसं झालं, तरी दोन तासांत गेला. जे पळणं आधीच होऊन गेलंय ते कुठलंही कापड परत घेऊ शकत नाही. हे अण्णांनाही सांगितलं. त्यांनी विचारलं, "टोपडं घट्ट झालं हुतं का?" मी नाही म्हटलं. तरी त्यांनी ते मागून घेतलं आणि उलटसुलट करून बघितलं.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी तक्रार वेळेची. सोलापूर शाळेच्या गणवेशाचं गाव. एप्रिल ते जून सगळे हात गणवेशाला लागलेले असतात, अण्णांची दोन्ही मशीनंही. आणि पाण्यापायी हरणं विहिरीत, शेततळ्यात पडायचा हंगामही तोच. गेल्या वर्षी मे महिन्यात एक पट्टा तुटला तर बदलून मिळायला सतरा दिवस लागले. तेवढे दिवस मी जुन्या चादरीवर काम भागवलं. तेव्हा काय शिवायचं ते जानेवारीत, गड्ड्याची जत्रा आटोपली की लगेच सांगून ठेवा. फोन लागतो पण मागांच्या आवाजात ऐकू जात नाही, प्रत्यक्ष जावं लागतं. माप लिहून घेत नाहीत, डोक्यात ठेवतात. माझी दुसरी दोन टोपडी त्यामुळे बोटभर मोठी झाली आणि एक नाकावर उतरत होतं. दुरुस्त करून दिलं, पण तेवढ्यासाठी एक फेरी झाली. आता मी पुठ्ठ्याचा नमुना माझ्याकडेच ठेवते, तुम्हीही ठेवा. पडदे भिजले की भयंकर जड होतात. काळ्या ड्रिलचा रंग पहिल्या दोन धुण्यांत सुटतो. बिल मागितलं तर मिळतं, मोबाइलवरून पैसे घेतात, निम्मे आगाऊ.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. हे वाचून कुणी हौसेनं टोपडं-झोळी घेऊन रानात जाऊ नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, परवानगीशिवाय त्याला धरणं गुन्हा ठरतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, अनोळखी हातांनी धरलेलं हरीण त्या हातांमुळेच मरू शकतं. वनखात्याचा १९२६ हा नंबर फुकट लागतो. माणसं येईपर्यंत गर्दी मागं घ्या, गावातली कुत्री बांधा, गाडीचा हॉर्न आणि मोबाइलची गाणी बंद ठेवा. हरीण बुडत नसेल तर त्याला तिथंच राहू द्या. पाठीवरून हात फिरवू नका. शेळीला बरं वाटतं म्हणून हरणाला वाटत नाही, त्याच्यासाठी तो वाघाचाच पंजा असतो. ते आजोबा अजून माझ्या डोळ्यांसमोर येतात, म्हणून हे लिहिलं.

तालुक्यातले पशुवैद्यक, वनखात्याच्या बचाव पथकातली माणसं, प्राणिमित्र संस्थांमध्ये परवानगीनं काम करणारे, यांनी मात्र हे दुकान जरूर गाठावं. सोमवार सोडून सकाळी दहा ते रात्री आठ, दुपारी दोन ते चार बंद. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण मे महिन्यातल्या सतरा दिवसांचा कापला.

चौथी वस्तू अण्णांनी स्वतःहून काढली. दिवाळीनंतर गेले तर म्हणाले, "अक्का, पडल्यावर काढायचं सगळं शिवून झालं. पडूच नये म्हणून काय करायचं?" त्यांनी शेडनेटची तीन फूट रुंद पट्टी दुहेरी करून तिच्यावर वीत-वीत अंतरावर सुंभाच्या जाड दोरीच्या आडव्या वळ्या शिवल्या होत्या. वरचं टोक शेततळ्याच्या काठावर खुंटीला बांधायचं, बाकीची पट्टी प्लास्टिकवरून पाण्यात सोडायची. घसरलेल्या जनावराला खूर रोवायला जागा. पंचवीस फुटांचे सहाशे रुपये. मी चार शेतकऱ्यांना घ्यायला लावली, त्यातलं एक शेततळं त्याच गावातलं, जिथं माझं काळवीट पडलं होतं.

गेल्या आठवड्यात त्या बाजूला एका म्हशीसाठी गेले होते, येताना शेततळ्यावर थांबले. पाणी बरंच खाली गेलंय. पट्टीच्या वळ्यांमध्ये चिखल वाळून बसला होता, दोन-दोन बोटांएवढे चिरलेल्या खुरांचे ठसे, पाण्यापासून थेट काठापर्यंत वर आलेले. फोटो काढला आणि अण्णांना पाठवला. अजून त्यांनी उघडलेला नाही, गणवेशाचं काम सुरू झालंय.